कर्जासोबत गळ्यात पडलेला विमा: पैसे परत कसे मागायचे

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंना सहा लाखांचं वैयक्तिक कर्ज मंजूर झालं आणि खात्यात जमा झाले ५,५७,३२०. कमी आलेल्या पैशांबद्दल त्यांनी शाखेत विचारलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, चार्जेस असतात." मी त्यांच्याकडून कर्जखात्याचा उतारा मागवून घेतला. प्रोसेसिंग फी १२,०००, त्यावर जीएसटी २,१६०, मुद्रांक ५२० आणि एका ओळीत नुसतं 'आयएनएस' असं लिहून २८,०००. हे अठ्ठावीस हजार म्हणजे विम्याचा एकरकमी प्रीमियम. बाईंनी विमा मागितला नव्हता, कोणी तो समजावला नव्हता, पॉलिसीचा कागदही हातात आला नव्हता.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, आधी मिरजेत आणि मग सांगलीत. निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक कर्जाचे कागद घेऊन येऊ लागले, मग त्यांच्या ओळखीचे. "काकू, एवढं बघा ना." मी बघते. वेगवेगळ्या बँका, वेगवेगळ्या फायनान्स कंपन्या, पण तक्रार तीच असते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते आहे.

मुळातली गोष्ट आधी सांगते. "कर्ज हवं तर विमा घ्यावाच लागतो" हे वाक्य तुम्हाला कोणीही ऐकवलं, तरी तसा नियम नाही. रिझर्व्ह बँकेचे निर्देश उलट आहेत: बँकेने ग्राहकाला ठरावीक कंपनीचाच विमा घ्यायला लावू नये आणि विम्याची विक्री बँकेच्या दुसऱ्या सेवेला जोडू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर एक वस्तू किंवा सेवा हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालण्याला 'निर्बंधित व्यापारी प्रथा' म्हटलं आहे. कलम २ चं उपकलम ४१. तक्रारीत हा आकडा लिहायचा असतो, लक्षात ठेवा.

इथे एक फरक समजून घ्या, नाहीतर शाखेत वाद घालताना तोंडघशी पडाल. गाडीचा थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्यानेच सक्तीचा आहे. गृहकर्जात घराचा आगीपासून वगैरे विमा काढा, अशी अट करारात असू शकते आणि ती गैर नाही; मात्र तो कुठल्या कंपनीचा काढायचा हे तुम्ही ठरवायचं. आपण बोलतोय ते कर्जदाराच्या जीविताच्या, आजारपणाच्या, नोकरी जाण्याच्या विम्याबद्दल, जो 'कर्ज सुरक्षा' अशा नावाने कर्जाच्या रकमेतच मिसळून दिला जातो. पीककर्जाचंही सांगते: पंतप्रधान पीक विमा योजना २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यालाही ऐच्छिक आहे. नको असेल तर अंतिम मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत तसं लेखी द्यावं लागतं.

आधी नुकसान किती ते काढा

लोक २८,००० वर भांडतात. खरं नुकसान त्याहून मोठं असतं, कारण प्रीमियम कर्जात मिळवलेला असतो आणि त्यावर व्याज चालू असतं. बाईंचं कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांचं. म्हणजे २८,००० रुपयांसाठी त्या दर महिन्याला सुमारे ६५१ रुपये भरणार आणि पाच वर्षांत ३९ हजारांच्या वर.

गृहकर्जात हा हिशेब भयंकर होतो. एक लाख वीस हजारांचा प्रीमियम, ९ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत धरा. त्या प्रीमियमपोटी महिन्याला साधारण १,०८० रुपये जातात आणि वीस वर्षांत दोन लाख एकोणसाठ हजार. आता विमा प्रमाणपत्रावर मुदत बघा. माझ्याकडे आलेल्या कागदांत कर्ज वीस वर्षांचं आणि विमा पाचच वर्षांचा, असं कितीदा तरी निघालं आहे. सहाव्या वर्षापासून संरक्षण काहीच नाही, तरी त्याचे पैसे आणखी पंधरा वर्षं हप्त्यातून जात राहतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही. शिवाय यातल्या बऱ्याच पॉलिसींत विम्याची रक्कम कर्जाबरोबर दरवर्षी घटत जाते, हेही कोणी सांगितलेलं नसतं.

मोबाइलवरच्या कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये कर्जाच्या जागी फक्त प्रीमियमची रक्कम टाका, दर आणि मुदत तुमच्या कर्जाची टाका. येईल तो आकडा एका कागदावर लिहून ठेवा. तक्रारीत 'माझी फसवणूक झाली' एवढंच लिहिणाऱ्याला माफीचं पत्र मिळतं, आकडा लिहिणाऱ्याला आकड्यात उत्तर द्यावं लागतं.

कागद गोळा करा

शाखेतल्या माणसाने तोंडी काय सांगितलं, हे सिद्ध करायला अवघड असतं. तो बदलून गेलेला असतो, नाहीतर "मी असं बोललोच नाही" म्हणतो. म्हणून या लढाईत माझं एकच धोरण आहे: त्याने काय सांगितलं ते आपण सिद्ध करत बसायचं नाही, तुमची संमती कुठे आहे ते बँकेला दाखवायला लावायचं. बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात किंवा इथेच पक्की होतात.

मागायचे कागद असे. मंजुरीपत्र, कर्जकरार, पहिल्या दिवसापासूनचा कर्जखात्याचा उतारा, विम्याचा प्रस्ताव अर्ज तुमच्या सहीसकट, विमा प्रमाणपत्र आणि केएफएस. हे शेवटचं नाव नवीन वाटेल. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने ठरवलं, की १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ आणि छोट्या उद्योगाच्या मुदत कर्जाला कर्जदाराला समजेल अशा भाषेत एक तथ्यपत्रक द्यायचं, तेच हे केएफएस. त्यात सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहायचा. दुसऱ्या संस्थेसाठी बँक जे पैसे कापते, विम्याचा प्रीमियमसुद्धा, ते त्या दरात धरायचे आणि त्याच्या पावत्या द्यायच्या. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

आता तुमचं केएफएस उघडा आणि विम्याची ओळ शोधा. ओळ नसेल आणि उताऱ्यात प्रीमियम वजा झालेला असेल, तर तुमच्या हातात सर्वांत मोठा पुरावा आहे. ओळ असेल तर एपीआरमध्ये ती धरली आहे का बघा. बाईंच्या पत्रकात एपीआर आणि व्याजदर यांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. प्रोसेसिंग फी, तिच्यावरचा जीएसटी आणि प्रीमियम मिळून बेचाळीस हजार आधीच कापलेले असताना हे शक्यच नाही.

प्रस्ताव अर्ज मिळाला की सहीच्या आधी आतला मजकूर वाचा. उत्पन्न, उंची-वजन, आजारपणाचे प्रश्न, वारसाचं नाव. एका रिक्षावाल्या दादांच्या अर्जात 'व्यवसाय: खासगी नोकरी' आणि मधुमेहाच्या पुढे 'नाही' अशी खूण होती. ते रोज गोळी घेतात आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. अशा अर्जावर उद्या दावा करायची वेळ आली, तर कंपनी हीच खूण दाखवून तो अडवायचा प्रयत्न करेल. म्हणजे पैसेही गेले आणि संरक्षणही डळमळीत. चुकीच्या विक्रीचा याहून बोलका पुरावा नाही.

हल्ली सही नसते, ओटीपी असतो. "कर्जाच्या प्रोसेससाठी एक ओटीपी आलाय, सांगा" म्हणून घेतलेला ओटीपी विम्याच्या संमतीचा निघतो. त्या वेळचा एसएमएस डिलीट करू नका, त्यात ओटीपी कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. बँकेकडे संमतीची डिजिटल नोंद मागा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नंबरवर, कोणता मजकूर दाखवून ती घेतली. विमा कंपनीने पडताळणीचा फोन केला असेल तर त्याचं रेकॉर्डिंगही मागा. अॅपवरून कर्ज घेतलं असेल आणि विम्याच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवली असेल, तर ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या, केंद्रीय मार्गदर्शक सूचना वाचा. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात परस्पर काही वाढवणं त्यात गैर ठरवलं आहे.

तीस दिवस झाले नसतील तर

मग भांडणाची गरजच नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती कारण न देता परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी ही मुदत साधारणपणे पंधरा दिवसांची होती, २०२४ पासून तीस झाली. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हिस्सा, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक कापून बाकीचे पैसे परत येतात. मुदत मोजायची ती कागद मिळाल्याच्या तारखेपासून. कागद मिळालाच नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि पाठवल्याचा पुरावा मागा. बऱ्याचदा अर्जावर तुमच्या नावापुढे भलताच ईमेल पत्ता लिहिलेला असतो आणि पॉलिसी 'पाठवली' गेलेली असते ती तिकडे.

फ्री लुकचं पत्र विमा कंपनीला द्या आणि प्रत बँकेला. ग्रुप पॉलिसीत मुख्य विमाधारक बँक असते, तुम्ही फक्त सदस्य. त्यामुळे दोघांनाही कळवलेलं बरं, नाहीतर टोलवाटोलवी होते.

पण आधी विचार करा

मी प्रत्येकाला हे विचारते: तुमच्यामागे हे कर्ज कोण फेडणार? घरात कमावणारं माणूस एकच असेल, वेगळा टर्म इन्शुरन्स नसेल आणि वय किंवा आजारपणामुळे बाहेर विमा महाग पडणार असेल, तर रागाच्या भरात पॉलिसी रद्द करू नका. बाहेर टर्म इन्शुरन्सचा दर काढा, तो विमा हातात पडू द्या आणि मग ही रद्द करायला टाका. बाईंचे यजमान नोकरीत होते आणि बाईंचा स्वतःचा विमाही होता, म्हणून त्यांना मी रद्द करा म्हणाले.

कर्जदार वारला असेल तर हा लेख बाजूला ठेवा. आधी कर्जखात्याच्या उताऱ्यात विम्याची ओळ शोधा आणि दावा दाखल करा. अशी कुटुंबं मी पाहिली आहेत की विमा होता हेच घरच्यांना माहीत नव्हतं आणि बायको शिवणकाम करून हप्ते भरत होती. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली असतील, तर विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनीला तिच्या वैधतेवर शंका घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पत्र असं लिहा

पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं. लहान ठेवा, राग बाहेर ठेवा. बाईंना मी लिहून दिलेलं पत्र जवळजवळ जसंच्या तसं देते, तुमचे आकडे घाला.

*प्रति, शाखा व्यवस्थापक. प्रत: तक्रार निवारण अधिकारी, विमा कंपनी.*

*विषय: कर्ज खाते क्र. … मधून माझ्या संमतीशिवाय वसूल केलेला विमा प्रीमियम रु. २८,००० व त्यावरील व्याज परत मिळण्याबाबत.*

*महोदय, वरील खात्यातून दिनांक … रोजी रु. २८,००० 'आयएनएस' या नोंदीने वजा झाले आहेत. हा विमा मी मागितलेला नाही. तो ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले नाही. पॉलिसी अथवा विमा प्रमाणपत्र मला आजतागायत मिळालेले नाही. मला दिलेल्या तथ्यपत्रकातील वार्षिक दरात ही रक्कम धरलेली दिसत नाही.*

*मला पुढील कागद द्यावेत: माझ्या सहीचा प्रस्ताव अर्ज, संमतीची डिजिटल नोंद, पडताळणी कॉलचे रेकॉर्डिंग, विमा प्रमाणपत्र, आणि या विक्रीपोटी बँकेस मिळालेल्या कमिशनचा तपशील.*

*संपूर्ण प्रीमियम, त्यावर आजवर आकारलेल्या व्याजासह, कर्जखात्यात जमा करून सुधारित परतफेड तक्ता द्यावा. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर न आल्यास मी लोकपाल व ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. हप्ते मी नियमित भरत आहे व भरत राहीन.*

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. तक्रार चालू आहे म्हणून ईएमआय थांबवू नका. हप्ता थकला की दंड लागतो, सिबिल बिघडतं आणि भांडणाचा विषय विम्यावरून तुमच्या थकबाकीवर जातो.

कमिशनचा तपशील बँक बहुधा देणार नाही. तरी मागा, कारण विकणाऱ्याचा फायदा कशात होता ते त्यातून नोंदीवर येतं. ब्रिटनमध्ये अशाच कर्जविम्याचं, तिकडे त्याला पीपीआय म्हणतात, मोठं प्रकरण झालं. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्लेविन खटला आला. एका बाईंच्या प्रीमियममधले तब्बल ७१.८ टक्के कमिशनमध्ये गेले होते आणि त्यांना ते सांगितलं नव्हतं. एवढं मोठं कमिशन लपवल्यामुळे सावकार आणि कर्जदार यांचं नातंच अन्याय्य ठरतं, असं न्यायालय म्हणालं. २९ ऑगस्ट २०१९ ही दाव्यांची शेवटची तारीख होती आणि एकूण ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम लोकांना परत मिळाली. आपल्याकडे तसा कायदा नाही, आणि तो असावा असं मला मनापासून वाटतं.

पत्र हाती देत असाल तर झेरॉक्सवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. शिवाय बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवर तेच पत्र टाकून तक्रार क्रमांक घ्या. पुढच्या प्रत्येक पायरीला 'आधी संस्थेकडे तक्रार केली होती का आणि कधी' हाच पहिला प्रश्न असतो.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर

इथे लोक चुकीच्या दारात जातात आणि महिने वाया घालवतात.

विक्री बँकेने किंवा मोठ्या फायनान्स कंपनीने केली असेल आणि तुमचा राग तिच्यावर असेल, तर रिझर्व्ह बँकेचा एकात्मिक लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून आहे. तक्रार सीएमएस पोर्टलवर करता येते किंवा कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राकडे पाठवता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पैसे लागत नाहीत आणि वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. बँकेला तीस दिवस दिलेले असले पाहिजेत, आणि बँकेचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. गृहवित्त कंपनी असेल तर हा दरवाजा नाही, तिथे राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जा. पतसंस्था असेल तर सहकार खात्याचे उपनिबंधक, आणि पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय.

विमा कंपनीने पैसे द्यायला नकार दिला असेल, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, की विमा लोकपाल. महाराष्ट्रासाठी मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. नकारापासून एक वर्षाची मुदत, फी नाही, वकील नाही. अटींबद्दल चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याची तक्रार ते ऐकतात. निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर पुढे जायला तुम्ही मोकळे.

मी बहुतेकांना एकाच वेळी बँकेला आणि विमा कंपनीला पत्र द्यायला सांगते, आणि ज्याचं उत्तर जास्त पोकळ त्याच्या लोकपालाकडे आधी पाठवते.

ग्राहक आयोग शेवटी ठेवा, पण त्याची दोन वर्षांची मुदत कॅलेंडरवर मांडून ठेवा. ही मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो, त्यावर विसंबू मात्र नका. आणि एकाच वेळी लोकपाल आणि आयोग चालत नाही. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही.

आयोगात जायचं तर तुम्ही राहता त्या जिल्ह्यात जाता येतं. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून मुंबई गाठायची गरज नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरूनही करता येतो. विम्यापोटी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. अर्जात बँक आणि विमा कंपनी दोघांना प्रतिवादी करा, एकाला वगळलं की दुसरा त्याच्याकडे बोट दाखवतो. मागणीत प्रीमियम, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा लिहा. गुंतागुंतीचं असेल तर वकील करा, पण अठ्ठावीस हजारांसाठी तो लागतोच असं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद केली तर काही कंपन्या तिथेच मिटवतात.

करारातली एखादी अटच अन्याय्य आहे, असं म्हणायचं असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम २(४६) बघा. नुकसानाच्या मानाने अवाजवी दंड, किंवा ठरलेला दंड भरूनही कर्ज मुदतीआधी फेडू न देणं, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मात्र असा 'अन्याय्य करार' जिल्हा आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोग. विम्याच्या प्रकरणात निर्बंधित प्रथा आणि सेवेतील त्रुटी एवढं पुरतं, जिल्हा आयोग सोडू नका.

तोच उतारा आणखी काय सांगतो

कर्जखात्याचा उतारा हातात आहेच, तर चार ओळी आणखी बघा. व्याज पैसे मिळाल्याच्या तारखेपासून लावलंय का मंजुरीच्या? आधीपासून लावणं गैर आहे आणि जादा घेतलेलं परत करा, असं रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ ला स्पष्ट सांगितलं आहे. हप्ता चुकल्यावर 'दंडव्याज' आहे का? एप्रिल २०२४ पासून दंड फक्त शुल्क म्हणून घेता येतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. बदलत्या दराचं घरगुती कर्ज आधी फेडताना शुल्क घेतलं असेल तर तेही परत मागा. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांत मिळाले पाहिजेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई आहे.

कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, तर विमा बहुतेक वेळा आपोआप बंद होत नाही आणि उरलेल्या मुदतीचे पैसेही आपोआप येत नाहीत. कर्ज बंद करतानाच विमा कंपनीला लेखी विचारा, सरेंडर केलं तर किती मिळतील.

तक्रार केल्यावर काही दिवसांत फोन येऊ लागतात. "मी लोकपाल कार्यालयातून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, फाइल चार्ज भरा." हे चोर असतात. विमा नियामक किंवा लोकपाल असे फोन करून पैसे मागत नाहीत. रिफंड मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्या एजंटांनाही कागद देऊ नका, ते करतात ते सगळं वर लिहिलेलंच आहे.

बाईंच्या बाबतीत बँकेला सहीचा अर्ज सापडला नाही. पत्रानंतर दोनदा स्मरणपत्र गेलं आणि लोकपालाकडे तक्रार नोंदवल्यावर प्रीमियम जमा झाला, व्याज मात्र नाही. व्याजासाठी त्यांनी तक्रार तशीच चालू ठेवली आणि ते नंतर आलं. तुमचे पैसे येतील तेव्हा ते बचतखात्यात आले की कर्जखात्यात ते तपासा. कर्जखात्यात आले असतील तर मुद्दलात जमा झाले आहेत का बघा, कारण कधी कधी ते पुढच्या हप्त्यांचे आगाऊ पैसे म्हणून पडून राहतात आणि व्याज चालूच राहतं. हप्ता कमी करून हवा की मुदत, हे लेखी कळवा, सुधारित परतफेड तक्ता मागून घ्या आणि पॉलिसी रद्द झाल्याचं विमा कंपनीचं पत्र त्यालाच टाचून ठेवा.